आमचे पुढारी आम्हीच



१८७३ साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघालं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं होतं, ठाऊक आहे? अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी ज्यांनी पदराला खार लावून घेतला, त्या सज्जनांचा गौरव म्हणून. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी जोतीरावांची आशा होती.

मग मनात येतं, त्या सुटलेल्या गुलामांचं पुढे काय झालं? कायद्याने बेडी तोडली म्हणजे माणूस मोकळा होतो का? आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका शहराची हकिकत सांगणार आहे. शहराचं नाव मॉन्टगोमेरी. अलाबामा या दक्षिणेकडच्या राज्याची ती राजधानी. साल १९५५. म्हणजे जोतीरावांच्या पुस्तकाला तेव्हा ८२ वर्षं झाली होती. हकिकत आहे बसमधल्या बसण्याच्या जागेची. आणि त्या जागेसाठी ३८१ दिवस बसमध्ये पाय न ठेवणाऱ्या माणसांची. त्यातही जास्त करून बायकांची.

आधी थोडं मागचं सांगते. अमेरिकेत गुलामी ठेवायची की नाही, यावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं यादवी लढाई झाली. गुलामी राखू पाहणाऱ्या राज्यांनी आपलं वेगळं सरकार मांडलं, त्याची पहिली राजधानी हेच मॉन्टगोमेरी शहर. लढाईत दक्षिण हरली. गुलामी घटनेनेच बंद झाली. पाठोपाठ नागरिकत्व मिळालं, पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. काळी माणसं निवडणुकीला उभी राहू लागली, निवडूनही येऊ लागली. पण हे दिवस फार टिकले नाहीत. १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेतून फौजेचा पाठिंबा काढून घेतला आणि जुन्या मालकांचं पुन्हा फावलं. मत द्यायचं तर आधी लिहिता-वाचता येतं का त्याची परीक्षा द्या, कर भरा, असले अडथळे घातले गेले. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. १८९६ साली तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की सोय सारखी असेल, तर वेगवेगळं ठेवायला हरकत नाही. प्रत्यक्षात ‘वेगळं’ तेवढं पाळलं गेलं, ‘सारखं’ कधीच झालं नाही.

आता मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये चढू या. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या दहा गोऱ्यांसाठी राखीव. बसमध्ये एकही गोरा नसला आणि काळी माणसं खच्चून उभी असली, तरी त्या दहा जागा रिकाम्या जायच्या. मागच्या दहा काळ्यांच्या समजल्या जायच्या. मधल्या सोळांचं काय करायचं ते ड्रायव्हरच्या मर्जीवर. पुढे गर्दी झाली की तो मागे वळून ओरडायचा आणि काळ्यांना उठवायचा. बरं, एकाच गोऱ्या माणसाला जागा हवी असली, तरी त्या रांगेतल्या सगळ्यांनी उठायचं. कारण एकाच रांगेत दोघांनी शेजारी बसणं मंजूर नव्हतं. काळ्या माणसाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरायचं, आणि बाहेरून चालत जाऊन मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कितीदा तरी बाई मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत बस सुटायची. पैसे घेतलेले ते घेतलेलेच.

आणि ही बस चालायची कुणाच्या पैशावर? रोजच्या प्रवाशांत चारातले तीन प्रवासी काळे. शहरात नोकरी करणाऱ्या काळ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करायच्या. गोऱ्यांच्या वस्त्या दूर. मोटार घेण्याची ऐपत नाही. म्हणजे बसशिवाय काम नाही आणि कामाशिवाय चूल नाही. सकाळ-संध्याकाळ रोज दोनदा तो अपमान गिळायचा, आणि त्याचे दहा-दहा सेंट वर आपणच द्यायचे.

यापुढची गोष्ट तुमच्यापैकी काही जणींनी मुलांच्या पुस्तकात वाचली असेल. रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी एक बाई दिवसभराच्या कामाने थकून बसमध्ये बसली होती. ड्रायव्हरने उठायला सांगितलं, ती उठली नाही. तिला अटक झाली, लोक चिडले, मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले आणि आंदोलन झालं. गोष्ट खोटी नाही. पण भाकरी ताटात दिसावी आणि दळण, कांडण, चूल यांतलं काहीच दिसू नये, तशी ती अर्धी आहे.

पहिलं म्हणजे रोझा पार्क्स ही काही बिचारी थकलेली बाई नव्हती. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की त्या दिवशी अंग काही रोजच्यापेक्षा जास्त दुखत नव्हतं, कंटाळा आला होता तो सारखी माघार घेण्याचा. तेव्हा त्यांचं वय ४२. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या देशव्यापी संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेत त्या १९४३ पासून चिटणीस होत्या. १९४४ साली त्याच राज्यात रेसी टेलर नावाच्या तरुण विवाहितेवर गोऱ्या टोळक्याने बलात्कार केला, तेव्हा त्या गावी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या पार्क्सबाईच होत्या. मतदार यादीत नाव लागावं म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा खेटे घातले, तेव्हा १९४५ साली ते लागलं. आणि ज्या ड्रायव्हरने त्यांना १९५५ मध्ये पकडून दिलं, त्यानेच बारा वर्षांपूर्वी मागच्या दाराने चढायच्या वादावरून त्यांना बसमधून उतरवलं होतं. तेव्हापासून त्याची बस दिसली की त्या चढत नसत. त्या दिवशी लक्ष गेलं नाही, एवढंच.

दुसरं म्हणजे, बसवर बहिष्कार घालायचा हा विचार त्या संध्याकाळी आकाशातून पडला नव्हता. त्यासाठी ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ या मंडळाची ओळख करून घ्यायला हवी. बायकांचं हे राजकीय मंडळ १९४६ साली मेरी फेअर बर्क्स या प्राध्यापिकेने काढलं. स्त्री-मतदारांची एक संघटना शहरात आधीपासून होती, पण तिथल्या गोऱ्या बायका काळ्यांना सभासद करून घेत नसत. मग यांनी आपलं वेगळं मंडळ काढलं. शिक्षिका, प्राध्यापिका, परिचारिका अशा शिकलेल्या बायका त्यात होत्या. मतदार नोंदणीचा फॉर्म कसा भरायचा ते त्या लोकांना शिकवायच्या आणि नगरपालिकेत तक्रारी घेऊन जायच्या.

१९४९ मध्ये ज्यो ॲन रॉबिन्सन या इंग्रजी शिकवायला मॉन्टगोमेरीच्या अलाबामा स्टेट कॉलेजात आल्या. नाताळच्या सुट्टीसाठी निघाल्या असता त्या जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढच्या बाजूला बसल्या. ड्रायव्हर अंगावर धावून आल्यासारखा ओरडला. मारतोच की काय, असं वाटून त्या डोळ्यांत पाणी घेऊन उतरल्या. एम. ए. झालेली, कॉलेजात शिकवणारी बाई. तिची ही गत, तर धुणंभांडी करणारीची काय असेल? मंडळात हा विषय त्यांनी मांडला, तेव्हा बाकीच्या जणी म्हणाल्या की इथे हे रोजचंच आहे. १९५० साली त्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि बसचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २१ मे १९५४ रोजी त्यांनी महापौरांना पत्र लिहिलं. भाषा अगदी अदबीची. पण मजकूर स्पष्ट होता. प्रवाशांपैकी तीन चतुर्थांश आम्ही आहोत, आम्ही चढलो नाही तर बस चालणार नाही, आणि शहरातल्या पंचवीसेक संघटनांत बहिष्काराची बोलणी चालू आहेत. पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधीचं हे पत्र आहे.

तिसरी गोष्ट एका मुलीची. क्लॉडेट कोल्व्हिन, वय पंधरा. २ मार्च १९५५ रोजी शाळेतून घरी येताना तिला जागेवरून उठायला सांगितलं. ती उठली नाही. शाळेत नुकताच काळ्यांचा इतिहास शिकवून झाला होता. गुलामांना पळवून नेऊन मुक्त करणारी हॅरिएट टबमन, गुलामीतून सुटून गावोगाव भाषणं करणारी सोजर्नर ट्रुथ, यांच्या गोष्टी डोक्यात होत्या. पुढे ती सांगायची की त्या दोघींनी माझ्या खांद्यांवर हात ठेवून मला दाबून बसवलंय, असं तेव्हा वाटत होतं. पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढलं, हातकड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेलं.

शहर हळहळलं. खटला लढवायची चर्चा झाली. पण पुढारी मंडळींचं मन घेईना. न्यायालयाने वेगळं बसवण्याच्या नियमाचा आरोप अपिलात वगळला आणि पोलिसांशी झटापट केल्याचा तेवढा ठेवला, म्हणजे कायद्याला आव्हान द्यायला जागा उरली नाही, हे एक कारण. पण तेवढंच नव्हतं. मुलगी गरीब वस्तीतली, रंगाने गडद, तोंडाची फटकळ. त्याच वर्षी पुढे तिला दिवस गेले, लग्न झालेलं नव्हतं. मग तर विषयच संपला. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईझ स्मिथ या अठरा वर्षांच्या मुलीलाही अशीच अटक झाली. तिच्या घराबद्दल कुणीतरी काहीबाही उठवलं आणि तीही मागे पडली. चारचौघांत ज्या बाईकडे बोट दाखवता येणार नाही, अशी बाई हवी होती. सोसणाऱ्या दोघी होत्या, पण शोभणारी हवी होती. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं आहे का?

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. पार्क्सबाईंना अटक झाली. ई. डी. निक्सन हे रेल्वेच्या शयनयानात नोकरी करणारे कार्यकर्ते, त्यांनी जामीन दिला. रात्री उशिरा बातमी रॉबिन्सनबाईंना कळली. त्यांनी वाट पाहिली नाही. मध्यरात्री त्या कॉलेजात गेल्या. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी सोबत घेतले. सायक्लोस्टाईल यंत्र सुरू केलं. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, म्हणजे कागद कापला की तीन पत्रकं. आणखी एका बाईला अटक झाली आहे, सोमवारी कुणी बसने जाऊ नका, कामाला, शाळेला, बाजाराला, कुठेही, एवढाच मजकूर. पहाटे चारपर्यंत हजारो पत्रकं छापून, कापून, गठ्ठे बांधून तयार होती. सकाळी आठला त्यांचा तास होता, तोही त्यांनी घेतला. मग गाडी काढून गठ्ठे पोचवायला निघाल्या. कुठे कुणाच्या हातात गठ्ठा द्यायचा, हे मंडळाने आधीच ठरवून ठेवलं होतं. शाळा, दुकानं, कारखाने, केस कापायची आणि बायकांच्या केशभूषेची दुकानं. एक पत्रक गोऱ्यांच्याही हाती लागलं आणि रविवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्यांनाही त्यामुळे कळलं.

पत्रकावर रॉबिन्सनबाईंचं नाव नव्हतं. कॉलेज सरकारी पैशावर चालायचं. नाव आलं असतं तर नोकरी तर गेलीच असती, कॉलेजही अडचणीत आलं असतं. कॉलेजच्या कागदाचे पैसेसुद्धा मंडळाने नंतर चुकते केले.

सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी पार्क्सबाईंना दहा डॉलर दंड आणि चार डॉलर खर्च अशी शिक्षा झाली. दुपारी ‘मॉन्टगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली आणि गावात नव्याने आलेले २६ वर्षांचे धर्मगुरू मार्टिन ल्यूथर किंग तिचे अध्यक्ष झाले. संध्याकाळी होल्ट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये हजारोंची सभा झाली. किंग यांचं भाषण गाजलं. पार्क्सबाई व्यासपीठावर होत्या. मी बोलू का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही पुष्कळ सोसलंत, पुष्कळ बोललात, आता गरज नाही, असं उत्तर मिळालं.

मागण्या तरी काय होत्या? काळ्यांशी नीट बोला. काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, येईल तसं बसावं, बसलेल्याला उठवू नये. ज्या मार्गांवर काळे प्रवासी जास्त, तिथे काळे ड्रायव्हर नेमा. बस्स. वेगळं बसणं बंद करा, असंही सुरुवातीला कुणी म्हटलं नव्हतं. एवढ्यावर नगरपालिकेने ‘हो’ म्हटलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ‘नाही’ म्हणायची सवय झालेल्यांना एवढंसुद्धा देववलं नाही.

एक दिवस बसमध्ये न चढणं सोपं. पण कामावर तर रोज जायचं होतं. ते कसं निभावलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच दहा सेंट घेऊन माणसं नेली. नगरपालिकेने जुना नियम बाहेर काढला, ४५ सेंटपेक्षा कमी घ्यायचे नाहीत. मग संघटनेने लोकांच्या खासगी मोटारी जमवल्या, सुमारे तीनशे. शहरात चाळीसहून जास्त ठिकाणं ठरली, तिथे उभं राहायचं, ठरलेल्या वेळी गाडी येणार. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या गेल्या. पोलीस जागोजागी गाड्या अडवून दंड करायचे. रॉबिन्सनबाईंनाही एकामागून एक दंडाच्या पावत्या मिळाल्या. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनहून विमा उतरवून आणला. आणि ज्यांना गाडी मिळाली नाही, त्या चालल्या. पावसात, थंडीत, कित्येक मैल. चालून जायचं, दिवसभर दुसऱ्याच्या घरी उभ्याने राबायचं, चालत परत यायचं, आणि मग आपल्या घरचा स्वयंपाक.

यात गंमतही झाली. गोऱ्या मालकिणींचं मोलकरणीवाचून अडायला लागलं. कित्येक जणी स्वतःच्या गाडीतून मोलकरणीला आणू-सोडू लागल्या. महापौर चिडले. तुमच्यामुळेच हा बहिष्कार टिकतोय, हे बंद करा, असं त्यांनी जाहीर सांगितलं. त्यावर मालकिणींचं म्हणणं असं की महापौर येऊन आमच्या घरचं धुणं आणि स्वयंपाक करणार असतील, तर खुशाल बंद करतो. न्यायाची चाड किती जणींना होती कोण जाणे, पण कुणाच्या हातावर कुणाचं घर चालतं, ते त्या वर्षी शहराला कळलं.

गाड्यांना पेट्रोल लागतं, पेट्रोलला पैसे लागतात. देशातून, परदेशातून देणग्या आल्या, पण सुरुवात गावातल्या स्वयंपाकघरातून झाली. जॉर्जिया गिलमोर या एका उपाहारगृहात स्वयंपाकीण होत्या. बहिष्काराच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, एका ड्रायव्हरने पैसे घेऊन त्यांना मागच्या दाराने चढायला उतरवलं आणि बस पळवली. त्या दिवसापासून त्यांनी एकटीने बस सोडली होती. त्यांनी आपल्यासारख्याच बायका जमवल्या. तळलेली कोंबडी, सँडविच, केक, रताळ्याचं सारण भरलेले गोड पदार्थ घरी करायचे आणि केशभूषेच्या दुकानांत, धोब्याकडे, टॅक्सीच्या अड्ड्यावर, दारोदार विकायचे. गोरे लोकही विकत घेऊन खायचे. आठवड्याला सव्वाशे-दीडशे डॉलर, कधी त्याहूनही जास्त, गिलमोरबाई सभेत आणून द्यायच्या आणि सभा टाळ्यांनी दणाणून जायची. या मंडळाचं नाव ऐका, ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. म्हणजे ‘कुठलंच नाही’ मंडळ. पैसे कुठून आले विचारलं, तर कुठूनच नाही! कोण पदार्थ करतं, कोण विकत घेतं, हे फक्त गिलमोरबाईंना ठाऊक. कारण नाव फुटलं तर बाईचं काम जाणार, घरमालक खोली खाली करायला लावणार. त्यांची ही धाकटी मंडळी पाहून गावात दुसऱ्या भागातल्या बायकांनीही मंडळ काढलं आणि कुणाचे पैसे जास्त जमतात, याची चढाओढ लागली.

गिलमोरबाईंना स्वतःला मात्र लपता आलं नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये बहिष्कारबंदीचा १९२१ सालचा कायदा काढून ८९ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत रॉबिन्सनबाईही होत्या, पार्क्सबाईही. मार्चमध्ये किंग यांचा खटला चालला. गिलमोरबाईंनी न्यायालयात उभं राहून ड्रायव्हरने काय केलं ते सांगितलं. त्यांची नोकरी गेली. पण किंग यांनी मदत केली आणि त्यांनी स्वतःच्या घरीच खाणावळ चालू केली. पुढे चळवळीच्या कितीतरी बैठका त्याच जेवणाच्या टेबलाशी झाल्या.

किंमत सगळ्यांनीच मोजली. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला. ते सभेला गेले होते. घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची लेक होती. दोघी वाचल्या. वडील न्यायला आले, माहेरी चल म्हणाले. कोरेटा गेल्या नाहीत. रॉबिन्सनबाईंच्या घराची काच दगड मारून फोडली, त्यांच्या गाडीवर ॲसिड ओतलं. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी पाहिलं, करणारे पोलीस होते. पार्क्सबाईंची शिवणकामाची नोकरी गेली.

एका गोऱ्या बाईचंही नाव घ्यायला हवं. ज्युलिएट मॉर्गन, शहराच्या ग्रंथालयात ग्रंथपाल. बहिष्कार सुरू झाल्यावर आठवडाभरातच त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. हे आंदोलन म्हणजे गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहासारखं आहे, असं त्यांनी लिहिलं. आपलं दांडीचं मीठ तिथे एका ग्रंथपाल बाईला आठवलं! पण त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं, धमक्यांनी छळलं. १९५७ च्या जुलैत त्यांनी जीव दिला. किंग १९५९ साली पत्नीसह भारतात आले, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले, हे आपल्याला ठाऊक असतं. ज्युलिएट मॉर्गन फारशा कुणाला ठाऊक नसतात.

आता शेवट कसा झाला ते सांगते. बस रिकाम्या धावून कंपनी तोट्यात गेली. भाडं दहाचं पंधरा सेंट झालं. तरी कायदा बदलला नाही. तो बदलला न्यायालयात, आणि पार्क्सबाईंच्या खटल्यात नव्हे. तो खटला राज्याच्या न्यायालयांत अडकून राहील, हे ओळखून फ्रेड ग्रे या तरुण काळ्या वकिलांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी थेट केंद्राच्या न्यायालयात वेगळा दावा लावला. दावा चालवणाऱ्या चौघी होत्या. शिवणकाम करून मुलं वाढवणाऱ्या ऑरेलिया ब्राउडर, सत्तरी ओलांडलेल्या सूझी मॅकडोनल्ड, आणि मागे टाकलेल्या त्या दोन मुली, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन. पाचवीही एक होती, तिला इतका धाक घातला गेला की तिने नाव काढून घेतलं.

११ मे रोजी साक्षी झाल्या. क्लॉडेट तेव्हा सोळा वर्षांची, हातात तान्हं मूल असलेली. नगरपालिकेच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं की ही साधी माणसं खूश होती, बाहेरून आलेल्या किंग यांनी त्यांना फितवलं. तो तिला खोदून विचारू लागला, तुमचा पुढारी कोण? तिने उत्तर दिलं, आमचे पुढारी म्हणजे आम्हीच.

जी शोभणार नाही म्हणून घरी बसवली होती, तिच्या तोंडून सगळ्या आंदोलनाचं सार आलं. जूनमध्ये तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी बायकांच्या बाजूने कौल दिला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नेमक्या त्याच दिवशी नगरपालिकेने गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी मिळवली. हुकमाचा कागद शहरात पोचायला आणखी महिना लागला. तो महिना तर गाडीही नव्हती, नुसते पाय होते. २१ डिसेंबर १९५६ रोजी माणसं पुढच्या दाराने चढली आणि हवं तिथे बसली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काही दिवसांतच बसवर गोळीबार झाला, एका गरोदर बाईच्या पायांना गोळ्या लागल्या. जानेवारीत चर्चवर बॉम्ब पडले. पार्क्सबाईंना काम मिळेना, १९५७ मध्ये त्यांनी गाव सोडलं आणि त्या डेट्रॉइटला गेल्या. रॉबिन्सनबाईंच्या कॉलेजवर सरकारने चौकशीचा बडगा उगारला, १९६० मध्ये त्यांनीही मॉन्टगोमेरी सोडलं. क्लॉडेट न्यूयॉर्कला गेली आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळीने काम करत राहिली. तिच्यावरचा लहानपणचा गुन्ह्याचा ठपका न्यायालयाने पुसला तो २०२१ साली, ती ८२ वर्षांची झाल्यावर.

रॉबिन्सनबाईंनी आपली हकिकत १९८७ साली पुस्तकरूपाने सांगितली. पुस्तकाच्या नावातच त्यांनी म्हटलं आहे, हा बहिष्कार आणि तो सुरू करणाऱ्या बायका. तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.

किंग यांचं मोठेपण यात कमी होत नाही, पार्क्सबाईंचंही नाही. पण पुतळा एकाचा उभारता येतो, ३८१ दिवस एकट्याने चालता येत नाही. पत्रक कापणारी, गठ्ठा पोचवणारी, चालत जाणारी, पदार्थ विकून पैसे आणणारी, साक्ष देणारी, अशा सगळ्या मिळून ते दिवस भरतात. तुमच्या गावात दारूचं दुकान बंद झालं असेल, नळ आला असेल, शाळेला खोली मिळाली असेल, तर त्या वेळी कोण कोण होतं, ते एकदा वहीत लिहून ठेवा. नावानिशी लिहा. ‘गावच्या महिलांनी’ एवढंच लिहू नका.

गिलमोरबाई मार्च १९९० मध्ये वारल्या. सेल्मा गावापासून मॉन्टगोमेरीपर्यंत मतदानाच्या हक्कासाठी जो मोठा मोर्चा निघाला होता, त्याला तेव्हा पंचवीस वर्षं होत होती. त्यासाठी जमणाऱ्या माणसांना जेवू घालायचं म्हणून त्या पहाटे उठून स्वयंपाकाला लागल्या होत्या. त्यांनी शिजवलेलं ते जेवण त्यांच्याच दुःखाला आलेल्या माणसांना वाढलं गेलं.